कापसाच्या ढिगावरची सून

ये, जवळ सरक. अजून जरा. स्वतःच्याच घराच्या दारात उभी राहून "मी बरी आहे" म्हणायला तू काय भांडी विकायला आली आहेस? खांद्यावर तान्हं पोर, केसांना कालपासून फणी नाही, सकाळी केलेला चहा दुपारी गार पिऊन राहिलीस. वर कुणी विचारलं की म्हणतेस, "काही नाही, सगळं ठीक." खोटारडी कुठली. आता तोंड वाकडं करू नको. रागवायचा हक्क आज माझा आहे, कारण मी तुला माझ्या सुनेची गोष्ट सांगणार आहे, आणि ऐकताना तू हसलीस की मी तुला माफ करीन. बाळ झोपलं असेल तर हळू हस.

आमचं गाव तेल्हाऱ्याजवळचं. कपाशीला बोंडअळी आणि कपाशीच्या भावाला उतरती कळा, अशी ती वर्षं होती. आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं, आणि काही चांगल्या कारणासाठी यायचं नाही. मग जीपमधून माणसं यायची, आमच्या माणसांचा ताण कमी करायला. चांगली माणसं होती ती, खोटं कशाला बोलू. पण घरी पाहुणा आला की त्याला चहा करावा लागतो, आणि इतका चहा करून करून बायकांचा ताण वाढला तो कुणी मोजला नाही.

माझी सून अमरावतीची, राजापेठेतली. शिकवणीचे वर्ग आणि स्कूटरींच्या गर्दीत वाढलेली पोर. लग्न होऊन आली तेव्हा तिचं हसू विहिरीपर्यंत ऐकू जायचं. मी पाणी शेंदत असले की मला कळायचं, घरात काहीतरी गंमत झाली. आत्यासासूंना ते आवडत नसे. आत्यासासू म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, लवकर विधवा झालेली, आमच्याच घरी राहणारी. म्हणायच्या, "सूनबाई हसते का रेडिओ लागते?" मी म्हणायची, "रेडिओले लाइन लागते आत्याबाई, इले नाही लागत. लोडशेडिंगमध्येबी चालते."

बाळंतपणाला ती माहेरी गेली. नात झाली. दिवाळी झाल्यावर आमच्याकडे परतली तेव्हा नात मान धरायला लागली होती आणि सून मान खाली घालायला. हसू तिकडंच राजापेठेत राहिलं होतं. बोलावं तर "हो आई", न बोलावं तर तेही नाही. एकदा तिनं दुधात साखरेऐवजी मीठ टाकलं. चुकलं असेल, चुकतं. पण त्यावर ती हसली नाही, रडली. अन् बाळाला पाजता पाजता भिंतीकडं पाहून मला म्हणाली, "आई, सगळे म्हणतात लेकराला पाहिलं की आईचं मन भरून येतं. मले काहीच वाटत नाही. मी कशी आई हावो?"

चौथी शिकलेली मी. मी म्हटलं, "तुले झोप पायजे." तेवढंच आलं तोंडातून. तिकडून विहीणबाईंचा फोन आला वाण्याच्या दुकानात, पोरगी सुकली म्हणतात, परत पाठवा. पाठवली असती. पण मला वाटलं, अशी रिकामी गेली तर ती भरून यायची नाही. मला तिचं ते विहिरीपर्यंतचं हसू पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं मला त्या वर्षी. भावबिव मेला चुलीत.

तर त्याच सुमारास शाळेत शिबिर भरलं. शेतकऱ्यांचं ताणमुक्तीचं. एक मॅडम आल्या होत्या, चष्मेवाल्या, आवाज असा की मांजर कुशीत घेतल्यासारखं वाटावं. आमच्या पुरुषांना एव्हाना शिबिरांचा चांगला सराव झाला होता. मॅडमनी एका काकांना विचारलं, "काका, झोप येते का?"

काका म्हणाले, "तुमी बोलून रायल्या तं येऊनच रायली."

मग एकाला वेचणीची आठवण झाली, एकाचा बैल सुटला, एकाला तंबाखू आणायची होती. एक एक करून उठले. उरली सतरंजी, माइक आणि मॅडम. शेजारच्या खोलीत लेकरांना लस टोचायला बाया जमल्या होत्या. त्यांत आम्ही सासू-सून. मॅडमनी आमच्याकडं पाहिलं, सतरंजीकडं पाहिलं, अन् म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसता का?"

बसलो. बसायला कोण नाही म्हणेल?

मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा. नाकानं श्वास आत घ्या, तोंडानं हळू सोडा, हूंऽ असा आवाज येऊ द्या. श्वासाकडं लक्ष ठेवा. विचार आला तर येऊ द्या. रस्त्यानं बैलगाडी जाते तशी जाऊ द्या. तुम्ही गाडीत बसू नका.

मागून एक जण म्हणाली, "गाडी तेल्हाऱ्याले जात असन तं मी बसते, मॅडम. मले बांगड्या भराच्या हायेत."

दुसरीनं डोळे उघडले. "मॅडम, मले विचार आला का दूध चुलीवर राहिलं."

"छान," मॅडम म्हणाल्या. "तो फक्त एक विचार आहे. त्याला जाऊ द्या."

तिनं बिचारीनं जाऊ दिला. घरी गेली तर पातेलं काळं आणि सासू लाल. तेव्हापासून आमच्या गावात नियम आहे, विचार जाऊ द्यायचा, पण आधी दूध पाहून यायचं.

मी काही डोळे मिटले नव्हते. मी सुनेकडं पाहत होते. तिचे खांदे, जे दिवाळीपासून कानांना चिकटून होते, ते हळूहळू खाली आले. एवढंच. पण मी पाहिलं. निघताना मॅडमना विचारलं, हे रोज केलं तर चालते का? त्या म्हणाल्या, चालते काय, करायलाच पाहिजे. रोज थोडा वेळ. फक्त त्या वेळात बाळ दुसऱ्या कुणीतरी धरायचं. रडलं तरी.

'रडलं तरी' म्हणाल्या ना, तिथंच गाडी अडली. तुला तर माहीतच आहे. बाळ हसत असलं की धरायला गाव येतं. गालाचे मुके काय, "माह्याच नाकावर गेली" काय. अन् त्यानं ओठ काढला की लगेच, "घे वं बाई, आईपाशी जाऊन रायलं." जसं काही ओठ काढलेलं बाळ म्हणजे दुसऱ्याच्या घरची चिठ्ठी.

म्हटलं, बाळ मी धरीन. आणि मला जमलं नाही तर खाला आहे. खाला म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण, तिचा नवरा गाद्या भरायचा. सहा लेकरं वाढवलेली बाई. पाय लांब करून नडग्यांवर लेकरू आडवं टाकायची आणि असं हलवायची की मोठ्या माणसालाही गुंगी यावी. म्हणाली, "मेरे पास दे. रोने दे थोडा. रोयाशिवाय लेकरू मोठं होते का?"

आता बसायचं कुठं? एका खोलीत आत्यासासू, ओसरीवर पुरुष, स्वयंपाकघरात येणारं-जाणारं. उरली कापसाची खोली. त्या वर्षी भाव नव्हता म्हणून सगळ्यांनी कापूस घरातच भरून ठेवला होता. आमची एक अख्खी खोली आढ्याला टेकली होती, पांढरी. दारापाशी थोडी जागा, मग चढण, मग शिखर. पण त्या खोलीत एक गुण होता. कापूस आवाज खातो. दार लोटलं की बाहेर बाळ रडू दे, भांडी पडू दे, पुढारी बोलू दे, आत काही नाही. सून म्हणाली, "आई, मी इथंच बसते." चढली आणि शिखरावर बसली.

दोन-चार दिवस छान गेले. दुपारी बाळ माझ्याकडं, सून कापसात. मग एके दिवशी काय झालं, सुनेनं डोक्यावरून नाहणं केलं होतं. केस मोकळे, ओले, पाठीवर पसरलेले. कुंकू पाण्यानं थोडं ओघळलेलं. तशीच जाऊन बसली. आणि कापसात बसलं की अंग खाजतं, ते तुला काय सांगू. हलायचं नाही असं मॅडमनी सांगितलेलं, अन् पाठ तर खाजून राहिली, म्हणून ती बसल्या जागी जराजरा घुमत होती. अन् तोंडानं हूंऽऽ.

आत्यासासूंनी तेवढ्यात दार उघडलं. त्यांना वातीपुरता कापूस पाहिजे होता.

त्यांच्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस? वर पांढरा डोंगर, त्यावर मोकळ्या केसांची बाई, मिटलेले डोळे, कपाळभर कुंकू, अंग घुमून राहिलं आणि हुंकार येऊन राहिला. आत्यासासूंच्या हातातली वाटी पडली. त्या तिथंच दंडवत पडल्या. उठून हात जोडून म्हणाल्या, "माय, कोन हायेस तू? कोठून आली?"

सुनेला बोलायचं नव्हतं. तिनं 'एक मिनिट थांबा' म्हणून एक बोट वर केलं.

आत्यासासू धावत माझ्याकडं आल्या. "सुनेच्या आंगात आलं. एक मांगून रायली."

"एक काय?"

"ते तुले समजाले पायजे. तू सासू हायेस."

मी सगळं समजावलं. शिबिर, मॅडम, श्वास, बैलगाडी. आत्यासासूंनी शांतपणे ऐकून घेतलं अन् म्हणाल्या, "डोये मिटल्यावर श्वास दिसते का? कोनाले येडं बनवून रायली?" आणि एक नारळ घेऊन गेल्या.

पुढं काय झालं ते तू ओळखलंच असशील. आमच्या गावात गोष्ट लपवायची असेल तर ती मोठ्यानं सांगावी, लोक विश्वास ठेवत नाहीत. मी दारात बसून प्रत्येकीला खरं सांगत होते. "अवं, ते श्वास पाहून रायली. लेकुरवाळी हाये, थकली हाये, निवांत बसली हाये." बाया एकमेकींकडं पाहून मान हलवायच्या. एक तर म्हणाली, "देवी लय कडक दिसते. सासूले खोटं बोलाले लावते." सुनेनंही सांगून पाहिलं. उठून आल्यावर स्पष्ट म्हणाली, "मी फक्त बसते, काकू." काकूंनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाल्या, "हो माय, तू फक्त बस."

आता यातली मेख पाहा. थकली आहे म्हणून बसते, म्हटलं तर कुणाला पटेना. थकणं म्हणजे काय, बायका काय थकतात? पण देवी बसली आहे म्हटल्यावर साऱ्या घराची चाल बदलली. दुपारी आत्यासासू स्वतः ओसरीवर जाऊन पुरुषांना म्हणायच्या, "हळू बोला बे." चहा मागायला कुणी हाक मारीना. देवीला दही लागते म्हणून दही लागायला लागलं, केळी यायला लागली. बाळ रडलं की ज्या बाया "घे वं" म्हणून परत द्यायच्या, त्याच आता बाळाला छातीशी धरून उभ्या, देवीचं लेकरू म्हणून. एकीच्या लुगड्यावर नातीनं शू केली तर ती म्हणाली, तीर्थ आहे.

खालाला हे सगळं पाहून गंमत वाटायची. दारात नडग्यांवर बाळ घेऊन बसायची आणि आलेल्यांना म्हणायची, "बैठने दो ना उसको. बैठी है तो बैठी है. आमच्यात बी लोक डोळे मिटून बसतात, कोनी केळं घेऊन येत नाही." एक बाई म्हणाली, "खाला, तुले नाही समजनार." खाला म्हणाली, "केळं तं समजते. एक इकडं दे."

एका बाईची बकरी हरवली होती. ती आली, दारातूनच विचारलं, "माय, माही बकरी कोठी गेली?" सून श्वास पाहत होती. पाजून पाजून तिची मान एका अंगाला अवघडलेली, ती तिनं जरा सोडवली, शाळेच्या बाजूला वळवली. हूंऽऽ. बाई शाळेकडं धावली. बकरी शाळेच्या भिंतीवरची शिबिराची जाहिरात खाऊन राहिली होती. 'ताणमुक्त' खाऊन झालं होतं, 'जीवन' उरलं होतं.

बकरी सापडली आणि मग काही इलाज राहिला नाही. अंजनगाव सुर्जीहून आत्यासासूंची भाची एसटीनं आली, नवरा दारू सोडेल का विचारायला. मला मात्र धाकधूक लागून राहिली. कारण सून आता झोपायची बरी, जेवायची बरी, मान वर असायची. पण हसत नव्हती. मी रोज कान लावून बसायची. केळी आली, दही आलं, बकरी आली. हसू काही येईना. वाटायचं, बाई गं, हे लोक नारळ फोडून फोडून हिला खरंच देवी करून ठेवतील, आणि देव्या काही हसत नाहीत.

एक दिवस दुपारी गर्दी नव्हती. खाला घरी गेलेली. मी बाळ घेऊन खोलीच्या आतच, कापसाच्या पायथ्याशी बसले होते, बाहेर ऊन लागत होतं म्हणून. सून वर. दार हळूच उघडलं. पाहते तर माझा नवरा.

आता हा माणूस कसा, ते सांगते. रोज पेपर वाचणारा. अंगात येणं, भगत, मांत्रिक यांना नावं ठेवणारा. सुनेसमोर तर मान वर करून कधी न बोललेला, सासरा म्हणून. आत जाताना खाकरून जाणारा. तो टोपी हातात घेऊन, चपला बाहेर काढून आला. मी कोपऱ्यात बसलेली त्याला दिसली नाही. कापसाला हात जोडून उभा राहिला, अन् हळूच म्हणाला,

"माय... म्हन्लं, इचारून पाहावं. आता इकाव, का थांबाव?"

आणि त्याच वेळी, त्या एवढ्याशा शांततेत, माझ्या मांडीवरच्या नातीनं पोटातला वारा सोडला. एवढंसं पोर, पण आवाज असा की जशी कुणी चादर फाडली. कापूस सगळे आवाज खातो म्हणाले ना मी? तो नाही खाल्ला.

माझा नवरा दचकला. त्याला वाटलं, उत्तर आलं. त्यानं कपाळाला हात लावून नमस्कार केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "म्हंजे इकाव?"

वर सुनेनं एक डोळा उघडला. खाली पाहिलं. सासरे हात जोडून उभे, मिशीला कापसाचा पुंजका लागलेला, सासू तोंडात पदर कोंबून लाल झालेली, अन् लेक तिच्याकडं पाहून दात नसलेलं तोंड पसरून राहिलेली. आणि ती फुटली. बाई, काय हसली. ढिगावर आडवी पडली, हसत हसत घसरत खाली आली, मांडीभर कापूस घेऊन. माझ्या मांडीवरून लेकीला उचललं, तिच्या पोटावर तोंड दाबलं, आणि हसत हसत रडली, रडत रडत हसली. म्हणाली, "आई, पाहा ना हिला. पाहा ना कशी आहे ही." पहिल्यांदा म्हणाली असं. मी पाहिलं की. रोजच पाहत होते. पण तिच्या नजरेनं त्या दिवशी पाहिलं.

विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाया बादल्या टाकून आल्या. "देवी हसली म्हंतात. भाव वाढते आता." आत्यासासूंनी हात जोडले. माझ्या नवऱ्यानं टोपी घातली आणि मागच्या दारानं वावरात निघून गेला. तो दोन दिवस सुनेसमोर आला नाही, अन् मी दोन दिवस त्याच्यासमोर तोंडातला पदर काढला नाही.

भाव काही वाढला नाही. ते सांगायला देवी लागत नव्हती. पण कापूस विकला शेवटी, कारण नातीनं उत्तरच तसं दिलं होतं. खोली रिकामी झाली, झाडून घेतली. आता सिंहासन गेलं म्हटल्यावर गर्दीही गेली. मला वाटलं, संपलं सुनेचं बसणं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर आत्यासासूंनी त्या रिकाम्या खोलीत घोंगडी अंथरली. म्हणाल्या, "देवी येवो का न येवो, पोट्टीचं बसनं नाही मोडाचं. आन इकडं लेकरू." अन् बाळ रडलं तरी परत दिलं नाही. खाला म्हणाली, "बुढी सुधर गई." आत्यासासूंनी ऐकलं नाही असं दाखवलं. एक दिवस त्याही बसल्या डोळे मिटून. हूंऽ केलं आणि मग घोरल्या. मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, छान.

मग वस्तीतल्या बाकीच्या लेकुरवाळ्या येऊ लागल्या, विचारायला नाही, बसायला. खालानं नवऱ्याकडून एक जुनी गादी भरून घेतली, तिच्यावर लेकरं ओळीनं, जशी बाजारात वांगी मांडावी. एक रडलं की सगळी रडायची. आत बाया श्वास पाहायच्या, बाहेर आम्ही म्हाताऱ्या गाणी म्हणायचो, बेसूर, लेकरं भिऊन गप्प व्हायची. कुणाला काही विचार आला तर ती आधी घरी जाऊन दूध पाहून यायची आणि परत बसायची.

माझी नात आता मोठी झाली. तिच्या हसण्यालाही लोडशेडिंग नाही. तिला ही गोष्ट सांगितली की ती म्हणते, आजी, मला नको सांगू, माझी लाज काढतेस. मी म्हणते, अगं, त्या एका वाऱ्यानं तुझी आई परत आली, लाज कसली.

तर हे असं. आता सांग, तू खरंच ठीक आहेस? मान खाली नको घालू. कुणी तुझ्याकडून बाळ घेतं का, रडलं तरी? नाही ना. मला वाटलंच होतं. मग ये की. कापूस निघाला की ये, खोली भरलेली असते. नाही तर घोंगडी आहेच. अकोल्याहून तेल्हाऱ्याची एसटी पकड, खिडकीपाशी बस, बाळाला टोपी घाल. फाट्यावर उतरून कुणालाही विचार, देवीचं घर कुठं आहे म्हणून. अजून तेच नाव चालतं. सून चिडते, पण दारात तीच येईल तुला घ्यायला. बाळ माझ्याकडं दे आणि आत जाऊन बस. येताना केळी आणू नको, आमच्याकडं अजून कुणी ना कुणी आणतंच. लवकर ये.